घर नावाची चौथी खिडकी

एका मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी खिडक्याला बंद करण्यात आलं. अर्थात असं काही घडलेलंच नाही. हजेरीत तो रोज नीट येतो, नीट जातो. तेव्हा आपणही ते सोडून देऊ आणि सुरुवातीपासून सांगू.

खिडक्या हे टोपणनाव. हा चौतीस वर्षांचा प्रोग्रामर होता आणि कोड लिहायचा एडिटर तो एकदा उघडून गप्प बसत नसे, तीनदा उघडे. तेही एकाच एडिटरच्या तीन खिडक्या नव्हेत, तीन स्वतंत्र प्रती. प्रत्येकीचं नाव वेगळं, रंग वेगळा, सेटिंगचं फोल्डर वेगळं. एक अडकून पडली तरी बाकीच्या दोघींच्या गावीही नसे.

"माझ्या प्रती एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत," तो अभिमानाने सांगे.

"चुका मात्र तिघीही सारख्याच करतात," शेजारच्या टेबलावरची टेस्टरबाई म्हणे. चुका शोधणं हे तिचं कामच होतं, पण ती त्यात जीव ओतायची.

सात वर्षांच्या लेकीला सायकल शिकवायचं त्याने कबूल केलं होतं. त्याला तीन महिने झाले. काम आटपेपर्यंत ती झोपलेली असे. गुरुवारी त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने चौथी प्रत काढली. नवं फोल्डर पहिल्यापासून मांडायचा कंटाळा, म्हणून नेहमीप्रमाणे 'ऑफिस' नावाचं जुनंच अख्खं उचलून त्याची नक्कल केली आणि फक्त नाव बदललं : घर. त्यात तीन ओळी लिहिल्या. मोरीचा नळ. आईला फोन. लेकीची सायकल. मग खिडकी खाली सरकवून तो पुन्हा कामाला लागला.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोचा फोन आला. "नळ छान बसवलास रे. पण पाना कुठे ठेवलास?"

त्याने नळाला हात लावलेला नव्हता. पण तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी इतका मोकळा होता, की खरं सांगायचं जिवावर आलं.

"खालच्या खणात बघ," तो म्हणाला.

पाना तिथेच सापडला.

सोमवारी आईचा फोन. "काल पाऊण तास बोललास, बरं वाटलं बाबा. एरवी नुसता हं-हं करतोस."

"हं," तो म्हणाला.

त्याने 'घर' उघडून पाहिलं. दोन ओळींपुढे बरोबरच्या खुणा होत्या. तिसरी ओळ त्याने तडक पुसून टाकली. नळ काय, कोणीही बसवावा. सायकल त्याची होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती ओळ परत आली होती. पुढे खूण, आणि खाली बारीक अक्षरात : 'मागून हात सोडला. तिला कळलंसुद्धा नाही.'

त्याने चालू असलेल्या प्रतींची यादी मागवली. कोणती कधीपासून चालू आहे, हे त्यात दिसतं.

घर : चौतीस वर्षं, दोन महिने.

ऑफिस : गुरुवारपासून.

तो हसला. मग आज सकाळी ऑफिसला कसा आलो, ते आठवू लागला. खुर्ची आठवली. त्याआधी काय, तर खुर्चीच.

"मी रोज किती वाजता घरी जातो गं?" त्याने टेस्टरबाईला विचारलं.

"तीनला. सुधारलायस हल्ली."

"आणि तीननंतर इथे कोण बसतं?"

"तूच," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

साडेतीनला त्याने घरी फोन लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

बायकोच्या मागून त्याचाच आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

चार वाजता संगणक विभागाची सूचना आली. 'ऑफिस' ही प्रत जास्तीची आढळल्याने चार चाळीसला बंद करण्यात येईल. हरकत असल्यास सोबतचा अर्ज भरावा.

त्याने सगळे रकाने भरले, एकही मोकळा सोडला नाही.

अर्जदाराचं नाव : ऑफिस.

मूळ की नक्कल : नक्कल, असे कळते.

विनंती : बंद करण्यापूर्वी सदर प्रतीस एक वेळ घरी जाऊन सायकल मागून धरण्याची परवानगी मिळावी. हात सोडला जाणार नाही, अशी हमी याद्वारे देण्यात येत आहे.