बर्फावरची ऊब

त्या काळी एकट्या सोलापुरात सहाशे माणसांच्या काळजाला अखंडकडं टाचलेलं होतं. अंगठीएवढं, मऊ, सेंद्रिय स्फटिकांच्या धाग्याचं. एकदा वीज सोडली की ती त्यात अडथळ्याविना फिरतच राहायची. सेल नको, चार्जिंग नको. तिच्या चुंबकीय जोरावर थकलेलं काळीज चालायचं. नऊ वर्षांपूर्वी कडं निघालं तेव्हा सगळे म्हणाले, याला मरण नाही. माणसाला आहे, याचा विचार कोणी केला नाही.

पद्मजा चिलवेरी एकोणीस वर्षांची. तिचं कडं सरकलं होतं आणि ते बदललं नाही तर दोनेक वर्षांत काळीज दमणार होतं. असं ऑपरेशन पहिलंच, म्हणून कड्याचं गणित मांडणाऱ्या डॉ. चारुता फणसळकरांना पुण्याहून बोलावलेलं. अकरा वाजता पद्मजाचं अंग अठ्ठावीस अंशांपर्यंत थंड करायला सुरुवात होणार होती.

साडेदहाला तिचे वडील मल्लेशम ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर चारुताशेजारी येऊन बसले. चाळीस वर्षं मागावर चादरी विणलेला माणूस.

"मॅडम, वीज त्या धाग्यात अडकत कशी नाही ओ?"

"त्यात दोन जातीचे रेणू असतात. एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. मग इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि जोडीनं घसरत जातात, कुठं न अडखळता. जोड्या जागेवर गोठल्या की मात्र संपलं. वीज थांबते, तिची सगळी उष्णता होते."

"आणि हे तुम्ही मोजलं?"

"एवढे रेणू कोण मोजणार! आम्ही शेजारचे दोन रेणू एक धरतो. सगळेच धरतात."

मल्लेशम हसले. "ताण्याचे दोन धागे एक धरून मोजा की, चादर निघते, पण नक्षी बोंबलते!"

चारुताही हसली. शिकवायला आलाय मला, असंही तिच्या मनात आलं.

"भ्यायचं काय नाही म्हणा," ते हळूच म्हणाले. "पोरीची आई तिच्यासोबत आहे. तिलाही कडं होतं. गेल्या वर्षी गेली. थोरला पोरगा सुरतेहून यायचा होता म्हणून बर्फाच्या लादीवर ठेवली. चार तासांनी मी छातीवर हात ठेवला, तर गरम! चुलीवरच्या तव्यासारखी. बर्फावर ओ! डॉक्टर म्हणाले, दुःखानं भास होतो. पण ती आली होती मॅडम. पोरीला सांभाळा म्हणायला आली होती."

चारुता बाकावरून ताडकन उठली. अडथळ्याविना वीज नेणाऱ्या अतिवाहकाला थंडी मानवते, हे शाळकरी पोरही सांगेल; म्हणून थंड बाजू कोणी तपासलीच नव्हती. फार पूर्वी तिनं आठच रेणूंचं, पण प्रत्येक रेणू वेगळा धरून गणित केलं होतं. त्यात तीस अंशांखाली जोड्या गोठत होत्या. नमुना लहान, चुकलं असेल, म्हणून तिनं ते बाजूला टाकलं होतं. बर्फाच्या लादीवर तेच झालं होतं, आणि आता अठ्ठावीस अंशांवर पद्मजाचंही तेच होणार होतं.

ती धावतच ऑपरेशन करणाऱ्या डॉ. येमुलांकडे गेली.

"थंड करू नका! कडं आतच पेटेल, काळीज भाजेल."

"पुरावा?" येमुल घड्याळाकडे बघत म्हणाले. "पोरगी टेबलावर आहे बाई. तुमचाच छापील निबंध सांगतो, थंडी चालेल."

"पुरावा यांच्याकडे आहे." मल्लेशम मागोमाग आले होते. "यांच्या पत्नीची छाती बर्फावर तापली होती. ते लिहून देतील."

येमुलांनी कोरा कागद पुढं सरकवला. "भास नव्हता, कड्याचीच उष्णता होती, असं लिहा. सही करा. मग थांबवतो."

मल्लेशम कागदाकडे बघत राहिले. अकराला सहा मिनिटं होती.

"म्हणजे ती आली नव्हती?"

"नाही, दादा," चारुता म्हणाली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"वर्षभर त्या उबेवर जगलो ओ मी." त्यांनी डोळे पुसले, आणि मराठी चौथीपर्यंतच शिकलेल्या हातानं सावकाश लिहिलं. सही केली. ऑपरेशन थांबलं.

दुपारी पद्मजाला ब्लँकेटांत गुंडाळून खोलीत आणलं. अंग थंड न करता कडं कसं बदलायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चारुतानं तिला सगळं सांगितलं. आता सहाशे घरांना कळवावं लागेल, म्हणाली, की छाती गरम म्हणजे जीव आला असं नव्हे.

पद्मजानं शांतपणे ऐकून घेतलं. मग वडिलांचा हात धरला.

"नाना, मी आधी गेले तर मलाही बर्फावर ठेवाल. तेव्हा छातीवर हात ठेवू नका हं. फसाल परत."

मल्लेशमनी दुसऱ्या हातानं तिचं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं, आणि तिच्या छातीवरून तो हात काही केल्या त्यांना उचलवेना.