एकशे बारा ठोके

कामाचे सलग एकोणीस दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, काचकामाच्या कार्यशाळेतील खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले असताना माझ्या नाडीचे ठोके मिनिटाला शहाण्णववरून बहात्तरवर उतरत होते. विसाव्या दिवशी, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर, ते एकशे बारा झाले.

नाडी मोजण्याची हौस मला नव्हती. ती विद्यापीठाच्या दवाखान्यातील डॉक्टरबाईंनी मागे लावली. छातीत धडधडते, हात गार पडतात, जेवण जात नाही, अशी माझी तक्रार ऐकून त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि तो चष्मा वर-खाली करून दोनदा पाहिला.

"हृदयाचं यंत्र ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "सध्या काय चाललंय तुमचं?"

"पीएच.डी.चे अर्ज भरतेय. चार विद्यापीठांचे."

"अच्छा. मग दिवसातून पाच वेळा नाडी मोजा आणि वहीत लिहा. निदान तेवढा वेळ तरी अर्ज डोक्यात येणार नाहीत."

जी गोष्ट त्यांना सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. कोणालाच सांगितली नव्हती. गेली दोन वर्षे मी हेच अर्ज पूर्ण भरले होते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, 'मला संशोधन का करायचे आहे' यावरचे दोन पानी उद्देशपत्र, सगळे जिथल्या तिथे. आणि दोन्ही वर्षी शेवटच्या दिवशी 'पाठवा' या बटणासमोर बसून मी संगणक बंद केला होता. घरी सांगितले, नकार आला. ज्यांच्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक म्हणून काम करत होते, त्या सरांनाही तेच सांगितले. सरांनी तिसऱ्यांदा शिफारसपत्र लिहिले होते. त्यांचा प्रकल्प या वर्षी संपत होता आणि त्याबरोबर माझी नोकरीही. चौथी संधी नव्हती.

अशा मनःस्थितीत माणसाच्या हातून काच फुटते. माझ्या हातून वाफ थंड करणारा काचेचा कंडेन्सर फुटला. नळीत नळी आणि आतल्या नळीचे अकरा वेढे, असा तो होता. तुकडे टॉवेलात गुंडाळून मी तळघरातील कार्यशाळेत गेले. तिथे कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला, तिशीच्या आतला एक माणूस काच फिरवायचा लेथ पुसत होता. त्याने टॉवेल उलगडला आणि पाहुणा आल्यासारखा प्रत्येक तुकडा नीट टेबलावर बसवला.

"काय झालं?"

"पडला."

"आपणहून?"

"गुरुत्वाकर्षणाने."

"त्याच्यावर माझ्याकडे इलाज नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "कंडेन्सरचं बघतो."

आतल्या खोलीतून कोणीतरी खोकले. "फुंकर, कोण आलंय?"

"रसायनशास्त्रातल्या मॅडम आहेत, काका. गुरुत्वाकर्षणाची तक्रार घेऊन आल्यात."

काका म्हणजे त्याचे गुरू. चाळीस वर्षे त्या तळघरात काच फुगवून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. 'फुंकर' हे नाव त्यांनीच ठेवलेले, आणि कार्यशाळेत त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

"कधी मिळेल?" मी विचारले.

"घाई आहे?"

"मला सगळ्याचीच घाई आहे."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग खिडकीजवळची खुर्ची पायाने सरकवली आणि एक जाड, गुलाबीसर काचांचा चष्मा पुढे केला. "बसा. हा लावा. नुसत्या डोळ्यांनी काही दिसायचं नाही."

त्याने बर्नर पेटवला आणि काचेची नळी ज्वाळेत धरली. चष्मा मी अजून लावला नव्हता, त्यामुळे मला दिसला तो फक्त पिवळा झगझगाट. तापलेल्या काचेतील सोडियम पिवळा प्रकाश फेकते, त्याची तरंगलांबी मला पाठ आहे. त्या विशिष्ट चष्म्याची काच नेमका तोच पिवळा शोषून घेते, हेही ठाऊक होते. मी चष्मा लावला.

पिवळे काही उरलेच नाही. पडदा बाजूला व्हावा तशी ज्वाळा बाजूला झाली आणि आत काच होती... मऊ, लवलवती, स्वतःच्याच वजनाने किंचित झुकणारी, आणि तो ती दोन्ही हातांनी अशी फिरवत होता की झुकायला तिला सवडच मिळत नव्हती. त्याने नळी ज्वाळेबाहेर काढली, तिला जोडलेल्या रबरी नळीचे टोक ओठांत धरले आणि एक लांब, सावकाश श्वास सोडला. काच फुगली. बोटाच्या पेराएवढा एक गोल, सगळ्या बाजूंनी सारखा, हवेत तयार झाला.

माझे तोंड उघडे होते. हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले.

"पहिल्यांदा पाहताय?"

"शिकलेय. पाहिलं नव्हतं."

त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांची नोंद: बहात्तर. सकाळची नोंद होती अठ्ठ्याण्णव. मला वाटले, मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा बहात्तर. तिसऱ्या दिवशी एकाहत्तर. कंडेन्सर आठव्या दिवशी तयार झाला, सरांनी तो बसवून घेतला. नवव्या दिवशी मी तळघरात कशासाठी गेले, याचा खुलासा वहीत नाही.

गृहीतके मात्र आहेत. बर्नरची ऊब? प्रयोगशाळेतील भट्टीशेजारी बसून पाहिले, शहाण्णव. खिडकीतील ऊन? तसलेच ऊन वाचनालयात घेतले, सत्त्याण्णव. नुसते बसणे? खोलीवर बसले, समोर उद्देशपत्राचा नववा खर्डा होता, एकशे चार.

पंधराव्या दिवशी त्याने बर्नर मंद केला. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"प्रश्नावर आहे."

"तुम्ही रोज येता, मनगट धरता आणि घड्याळाकडे बघता. माझ्या कामाला किती वेळ लागतो ते मोजता का? सरांनी सांगितलंय?"

"नाही..."

"तीन आठवडे मी जीव तोडून भराभर काम करतोय. काका म्हणाले, अरे, काय चावलंय तुला."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसत असल्यामुळे आवाज थोडा अनोळखी वाटला. "मी नाडी मोजतेय. माझीच."

"कशाला?"

"पीएच.डी.च्या अर्जांमुळे धडधडतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. इथे आल्यावर ती उतरते. का, ते कळत नाही."

त्याने ज्वाळेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे मी औषध आहे?"

"ते सिद्ध झालेलं नाही. खुर्चीही असू शकते."

"खुर्ची काकांची आहे," तो म्हणाला. "श्रेय तिकडे जाणार असेल तर मला चालणार नाही."

विसाव्या दिवशी गॅस संपला. नवीन सिलिंडर दुसऱ्या दिवशी येणार होता. मी परत फिरणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आलाच आहात तर बसा की. ज्वाळा नाही, पण मी आहे." मग स्टूल ओढून तो माझ्याजवळ बसला. इतक्या जवळ, की त्याच्या हातावरचे भाजल्याचे जुने, फिकट डाग मला मोजता आले असते. सात होते.

"अर्जांचं कुठवर आलं?"

"भरून झालेत. तीन दिवस उरलेत. शनिवारी दुपारी बारापर्यंत."

"मग पाठवून टाका."

आणि मग जे मी आईला, सरांना, डॉक्टरांना सांगितले नव्हते, ते त्याला सांगितले.

"गेल्या दोन वर्षांत मला कोणी नकार दिलाच नाही. मी पाठवलेच नाहीत... बटण दाबलं असतं तर उत्तर आलं असतं ना. नाही आलं असतं तर? म्हणजे 'नाही' असं आलं असतं तर? मग मी काय, हे कायमचं ठरलं असतं."

तो "वेडी आहेस का" म्हणाला नाही. "काही होत नाही" असेही म्हणाला नाही. त्याने फक्त विचारले, "दोन वर्षं हे एकटीनं सांभाळलंत?"

मी सवयीने मनगटावर बोटे ठेवली. एकशे बारा.

माझा सगळा सिद्धान्त कोसळला. शिवाय प्रयोगाची शिस्तच मोडली होती. एकाच दिवशी बर्नर बंद होता, मी आयुष्यातील सर्वांत मोठे खोटे कबूल केले होते, अंतिम तारीख जवळ आली होती आणि तो हातभर अंतरावर बसला होता. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर निष्कर्ष काढता येत नाही. मी "येते" एवढेच म्हणाले आणि जिना चढले.

एकविसाव्या दिवशी तो सुटीवर होता. बर्नरसमोर काका होते. सिलिंडर आला होता. मी चष्मा लावून बसले, काकांनी काचेचा फुगा फुगवायला घेतला आणि चार दहाला नाडी झाली त्र्याहत्तर.

खरे सांगायचे तर मी थोडी खट्टू झाले. औषध तो नव्हताच.

काकांनी रबरी नळी ओठांतून काढली. "पोरी, तू माझ्याबरोबर फुंकतेस."

"मी?"

"मी श्वास सोडला की तू सोडतेस. तिथे बसणारा प्रत्येक जण तेच करतो, कुणाला कळत नाही. आमचे एक साहेब तर इथे येऊन डुलक्या काढायचे."

पुढचे तीन फुगे होईपर्यंत मी स्वतःकडे लक्ष ठेवले. काकांचे म्हणणे अचूक होते. काच फुगू लागली की माझा श्वास तिच्याबरोबर लांबत होता, आणि ती थांबेपर्यंत संपत नव्हता. श्वास सोडताना हृदयाचा वेग उतरतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. या प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आणि एकोणीस दिवस माझे शरीर ते उत्तर रोज सोडवत होते, मला न विचारता, समोरच्या माणसाच्या छातीकडे पाहून. इतकी वर्षे मी ज्याला केवळ मज्जातंतूंचे काम म्हणत आले, त्याच्यापुढे त्या दुपारी मला हात जोडावेसे वाटले.

शनिवारी सकाळी मी आईला फोन केला.

"आई, गेली दोन वर्षं नकार आले नव्हते. मी अर्ज पाठवलेच नव्हते."

आई म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं त्या लोकांना उगाचच शिव्या घातल्या?"

"हो."

"किती पाप लागलं असेल गं मला." आणि लगेच, "आज पाठवतेस ना? ते नाही म्हणाले तर निदान या वेळी मनापासून घालता येतील."

अकरा वाजता वाचनालयातील संगणकासमोर बसले तेव्हा नाडी एकशे चोवीस होती. हात गार होते. बटण तेच होते. मी डोळे मिटले, ओठ किंचित मिटून घेतले आणि समोर मऊ काच आहे असे समजून श्वास सोडला. जोराने नाही, जोर केला तर ती फाटते. सावकाश, शेवटपर्यंत. पुन्हा एकदा. अकराव्या श्वासाला नाडी अठ्ठ्याऐंशी होती. मी बटण दाबले. मग उरलेली तीनही दाबली. पडद्यावर 'आपला अर्ज मिळाला' अशी ओळ चार वेळा आली. तिच्यात इतके कौतुकाने पाहत बसण्यासारखे काही नव्हते, तरी मी पाहत बसले.

चार वाजता तळघरात गेले. शनिवारी बर्नर पेटत नाही, तो लेथला तेल देत होता. काका नव्हते.

"पाठवले," मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. "चारही?"

"चारही. आणि नाडीचा उलगडाही झाला. तुमच्या श्वासाबरोबर माझा श्वास लांबत होता. काकांच्याही लांबतो. आता मला तो एकटीनेही लांबवता येतो."

"म्हणजे..." त्याने फडके घडी केले, उलगडले, पुन्हा घडी केले. "आता माझी गरज नाही."

"शांत होण्यासाठी नाही."

तो स्टुलावर बसला. मी खुर्चीवर. मधले अंतर विसाव्या दिवसाएवढेच होते.

"प्रवेश मिळाला तर जाणार?"

"हो. पाच वर्षं."

"तिकडे काचकाम करणारा कोणीतरी असेलच."

"असेल. श्वासही लांब असेल त्याचा."

"हं." तो जमिनीकडे पाहून म्हणाला. "पाच वर्षं म्हणजे... मी इथेच असतो. तळघर कुठे जात नाही."

मी मनगटावर बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. तो वाट पाहत राहिला. एक मिनिट किती लांब असते, हे मोजणाऱ्यालाच कळते.

"किती?"

"एकशे चौदा."

"पण आज तर मी काहीच करत नाहीये."

"तेच म्हणते मी."

त्याने आपला हात पुढे केला, मनगट वर करून. "माझीही मोज."

"एरवी किती असते?"

"कधी मोजली नाही."

"मग तुलना कशाशी करणार?"

"उद्यापासून मोजू," तो म्हणाला. "पाच वर्षं आहेत."

मी त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. हृदय हा एक स्नायू आहे, हे मी आजही मानते. पण तो स्नायू माझ्या तीन बोटांखाली असा धावत होता, की मला आकडा मध्येच चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. एकशे अठरा.

मग मी वही उघडली. अर्ज गेले होते. आईला खरे सांगून झाले होते. बर्नर विसाव्या दिवसासारखाच थंड होता. त्या दिवशीच्या चार गोष्टींपैकी अंतिम तारखेची भीती आणि खोटे वजा झाले होते, थंड बर्नर ठोके उतरवत नाही, पण चढवतही नाही, आणि ठोके तरीही चढेच होते. विसाव्या दिवसाच्या नोंदीसमोर कारणाचा रकाना रिकामा होता. त्याला वाचता येईल अशी वही धरून मी तो भरला:

तो जवळ येऊन बसला होता. माझे त्याच्यावर प्रेम आहे.