तिला आता लागत नाहीत

मुलं तिला कापूसमावशी म्हणत. केसांत, बाहीवर, चष्म्याच्या दांडीत, कुठे ना कुठे तिच्या अंगावर कापसाचा एखादा पुंजका चिकटलेला असायचाच. पंचेचाळिशीची, एकटी बाई. दोन खोल्यांची जागा. मागच्या खोलीत पलंग आणि शेगडी, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, लांबलचक टेबल आणि भिंतभर फळ्या.

लहान मुलांच्या अंगाला आता होत नाहीत, पण आईबापांना टाकवतही नाहीत असे कपडे लोक तिच्याकडे आणून देत, आणि ती त्यांचे ससे, हत्ती, अस्वलं शिवून देई. कुणी बाळाचं पहिलं झबलं आणी, कुणी शाळेच्या पहिल्या दिवसाचा सदरा. कपड्यावर डाग असला, ठिगळ असलं, तर मावशी ते मुद्दाम खेळण्याच्या पोटावर नाहीतर कानावर येईल असं बेते. "डागच काढून टाकला तर मग बाजारातूनच आणा की खेळणं," असं ती गिऱ्हाइकांना सांगे. प्रत्येक कापडाची दोन बोटं रुंदीची पट्टी ती एका जाड वहीत टाचणीने लावून ठेवायची आणि खाली तारीख घालायची.

शनिवारी सकाळी त्याच टेबलावर मुलांचा वर्ग भरे. नऊ मुलं. मोज्यांच्या बाहुल्या, लोकरीचे गोंडे, आईबाबांना द्यायची भेटकार्डं. त्यांत तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी भिंगरीही असे. पाच वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

तो गृहस्थ पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी दुपारी. पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा सदरा. हातातल्या कागदी पिशवीचं तोंड दोनदा दुमडलेलं. त्याने पिशवीतून एक पिवळा फ्रॉक काढून टेबलावर ठेवला. त्यावर हिरव्या छत्र्यांची बारीक नक्षी होती.

"ह्याचा ससा करून हवाय."

"मुलीचा ना? मोठी झाली वाटतं."

"तिला आता लागत नाहीत हे कपडे," तो म्हणाला. "घाई नाही. मीच येईन."

कापण्याआधी मावशीने फ्रॉक नीट पाहिला. पुष्कळ वापरलेला. खिसा फाटला होता आणि निळ्या दोऱ्याने टाचला होता. टाके बारीक, पण शेवटची गाठ आतून मारायची ती वरच्या बाजूला मारलेली. मावशीला गंमत वाटली. तिच्या आईची ही खोड होती आणि आईकडून ती धाकटीने उचलली होती. जगात अशी गाठ मारणारं आणखी कुणीतरी आहे म्हणायचं. तिने तो खिसा सशाच्या पोटावर बसवला. आठ दिवसांनी गृहस्थ येऊन ससा घेऊन गेला.

दोन महिन्यांनी भिंगरी वर्गाला आली ती हिरव्या छत्र्यांचा पिवळा फ्रॉक घालून. कोरा करकरीत. अजून कांजीचा वास येत होता.

"बाबांनी आणला," तिने गिरकी घेत सांगितलं.

मावशी हसली. तयार कपडे काय, एका साच्यातून हजारो निघतात. पण त्यानंतरच्या शनिवारी दाराच्या कडीत अडकून भिंगरीचा खिसा फाटला, तेव्हा तिला हसू आलं नाही. तिने मुद्दाम पांढरा दोरा घेतला, दुहेरी केला आणि खिसा घट्ट शिवून दिला.

आठवड्याने फ्रॉक पुन्हा आला. खिशाला निळा दोरा होता.

"तुझी शिवण धुण्यात उसवली ग ताई," धाकटी म्हणाली. "हाताशी निळाच दोरा होता. चालतंय की."

मावशीने वाकून पाहिलं. गाठ वरच्या बाजूला होती.

पुढच्या वेळी गृहस्थाने स्वेटर आणला. हाताने विणलेला, वांगी रंगाचा, एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब. त्याला अस्वल हवं होतं. मावशीने गळ्याची वीण उलटून पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. गळा बंद करताना शेवटच्या ओळीत एक टाका सोडून दुहेरी घ्यायचा, ही युक्ती तिची स्वतःची होती. तिने ती कुणाला शिकवली नव्हती. आणि असा स्वेटर तिने कधी विणला नव्हता.

"मुलीचं वय काय?" तिने विचारलं.

"हा घालायची तेव्हा सहा."

"आणि आता?"

तो गृहस्थ फळ्यांवरची खेळणी पाहत होता. त्याने प्रश्न टाळला असंही वाटलं नाही, जणू ऐकलाच नव्हता. "घाई नाही," तो म्हणाला आणि गेला.

तिने अस्वल केलं. नाही म्हणायला काही कारण तर हवं. पण आपण वांगी लोकरीला हात लावायचा नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं. थंडी पडली तशी धाकटी पिशवी घेऊन हजर झाली. आत वांगी लोकर होती.

"तिला हाच रंग हवाय. आणि तुझ्याच हातचा."

मावशीने महिनाभर सबबी सांगितल्या. डोळे दुखतात, ऑर्डरी तुंबल्यात, हिरवा घे ना, हिरवा छान दिसेल. तोवर भिंगरीला खोकला झाला. ती येऊन मावशीच्या मांडीला टेकून बसली, लोकरीचा गुंडा पोटाशी धरून. शेवटी मावशीने सुया काढल्या. गळा तिने नेहमीसारखा न करता साधा बंद करायचं ठरवलं होतं. पण तीस वर्षांची सवय. टाका सुटला, दुहेरी घेतला गेला आणि ते ध्यानात आलं तेव्हा दोरा कापून झाला होता. बाह्या मात्र तिने टेप लावून तीनतीनदा मोजल्या. दोन्ही सारख्या होत्या. पहिल्या धुण्यानंतर धाकटीच्या घरी कुणीतरी तो ओला स्वेटर एका बाहीने दोरीला टांगला.

तेव्हा तिने धाकटीला सगळं सांगितलं. वहीतल्या पट्ट्या दाखवल्या. धाकटीने आधी थट्टेवारी नेलं, मग तिचा चेहरा उतरला आणि मग ती चिडली.

"ताई, तुला नेमकं काय म्हणायचंय?"

"मला काहीच म्हणायचं नाही. मला कळत नाहीये."

"मग बोलू नकोस. माझी एकुलती एक मुलगी आहे. असलं पुन्हा काही काढलंस तर शनिवारी पाठवणार नाही मी तिला."

तिसऱ्यांदा पिशवी हलकी होती. आत एक पांढरा टॉप. बटाट्याचे ठसे रंगात बुडवून त्यावर निळे मासे उमटवलेले. मुलाच्या हातचं काम, ओळी वाकड्यातिकड्या. अकरा मासे एका दिशेला निघालेले आणि एक उलटा, पोट वर करून. रंग धुऊन धुऊन पार फिकट झाला होता.

आणि टॉप समोरून, खालपासून गळ्यापर्यंत, कापलेला होता. मावशीला कात्रीची भाषा कळते. ही शिवणाची कात्री नव्हती. जाड पात्याची, दोनतीन झटक्यांत, घाईने चालवलेली. असा कापलेला कपडा तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता. वडील गेले त्या दिवशी, दवाखान्यात, त्यांचा सदरा तिच्या हातात दिला होता तेव्हा. अंगातून काढायला वेळ नसतो तेव्हा तसा कापतात, असं तिला तिथल्या नर्सने समजावून सांगितलं होतं.

"हे कसं झालं?" तिने विचारलं.

"मला असाच मिळाला," गृहस्थ म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, एखाद्या आजारी माणसाशी बोलावा तसा. "पक्षी करा ह्याचा. घाई नाही."

"मी हे काम घेत नाही."

त्याने मान हलवली, जणू हेही त्याला ठाऊक होतं. जाताना पिशवी टेबलावरच राहिली. ती मागून धावली तर रस्त्यावर कुणी नव्हतं.

वर्गात पुढच्या महिन्यात बटाट्याचे ठसेच करायचे होते. यादी भिंतीवर लावलेली होती. तिने ती ओळ खोडली, कापडाचे रंग शेजारणीला देऊन टाकले आणि मुलांना कागदाच्या टोप्या शिकवल्या. यादीतलं खोडलेलं वाचण्याइतपत भिंगरी आता मोठी झाली होती. पुढच्या शनिवारी ती आली ती नवा टॉप घालून.

"मावशी, तू शिकवलं नाहीस ना, म्हणून मी घरीच केले."

निळे मासे. मावशीने एकेक मोजला. बारा. सगळे एकाच दिशेला. एकही उलटा नव्हता. तिला एवढं हलकं वाटलं की ती खुर्चीवर बसलीच. हा तो नव्हे.

पण रात्रीपर्यंत ते हलकेपण टिकलं नाही. हाही टॉप कशाला ठेवायचा? पुढच्या शनिवारी खळ सांडल्याच्या निमित्ताने तिने भिंगरीचा टॉप बदलून घेतला, धुऊन देते म्हणाली आणि मुलं गेल्यावर शेगडीत जाळला. हरवला, असं सांगितलं.

भिंगरी दोन दिवस रडली. धाकटीने तिला नवा पांढरा टॉप आणून दिला आणि दोघींनी मिळून पुन्हा मासे उमटवले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी भिंगरीने एक ठसा उलटा मारला.

आता मात्र मावशीला गप्प बसणं शक्य नव्हतं. तो कापलेला टॉप घेऊन ती धाकटीच्या घरी गेली. धाकटीने तो हातात घेतला, पाहिला, मासे पाहिले, कापलेलं पाहिलं.

"म्हणजे तो हरवला नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"हा तो नाहीच. तो मी जाळला."

"जाळलास?"

मावशीला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द परत घेता येईनात.

"आणि हा? हा कुणी कापला ताई?"

"ऐक माझं. तिला तो घालू देऊ नकोस. एवढंच कर. मी पाया पडते तुझ्या."

"तू आधी डॉक्टरांना दाखव," धाकटी म्हणाली. रागाने नव्हे. भीतीने. ती भीती मावशीचीच वाटत होती तिला. तिने टॉप परत दिला आणि हळूच दार लावून घेतलं.

भिंगरी शनिवारी यायची बंद झाली. फोन कुणी उचलत नसे. भिंगरीच्या बाबांशी ती रस्त्यात बोलायला गेली, तर ते मुलीला घेऊन पलीकडच्या बाजूने निघून गेले. भिंगरी मागे वळून हात हलवत होती.

मावशी रोज सकाळी दोन गल्ल्या चालत जाऊ लागली. धाकटीच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी खालून दिसे. दर दोनचार दिवसांनी तो टॉप तिथे वाळत असायचा. लाडका होता म्हणजे. आधी गडद निळा. मग जरासा विटलेला. मग शाळेच्या जुन्या शाईसारखा.

कापलेल्या टॉपची पट्टीही तिने वहीत लावली होती; ती बरोबर नेई आणि डोळ्यांसमोर धरून पाही.

गेल्या गुरुवारी तिला दोन्ही निळ्यांत फरक दिसला नाही.

ती जिना चढून गेली. दार वाजवलं. आतून भिंगरीच्या हसण्याचा आवाज आला, मग कुणीतरी तिला गप्प केल्याचा. दार उघडलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली. शेवटी वॉचमनने येऊन तिला नम्रपणे खाली आणून सोडलं.

घरी आली तर तो गृहस्थ दाराशी उभा होता.

"झाला का पक्षी?"

"नाही."

"हरकत नाही. सोमवारी येतो."

"मी करणारच नाही तो."

पिशवी नव्हती आज त्याच्या हातात.

"कुणासाठी नेता तुम्ही हे?" तिने विचारलं. "तिच्या आईसाठी?"

"नाही. आईला बघवत नाहीत." तो निघता निघता थांबला. "तिच्या मावशीसाठी. पोटात कापूस जरा कमी भरा ह्या वेळी. त्या छातीशी घट्ट धरून झोपतात."