झुडपाखालचे दोघे

“सगळी भिंत घासा! पण त्या झुडपाला हात लावाल तर याद राखा!” असा दम भरून डीकन प्रूइट निघून गेले. चर्चच्या अंगणात मासे कुठल्या तेलात तळायचे यावरून बायकांची जुंपली होती, आणि चर्चच्या या कारभाऱ्याला प्रत्येक भांडणात नाक खुपसायची भारी हौस!

बाल्टिमोरमधल्या त्या चर्चच्या भिंतीवर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी निघालेल्या जुन्या मोर्चाचं चित्र होतं. उन्हाने चेहरे पार विटले होते. रविवारी चर्चचा मेळा. बाहेरगावी गेलेली मंडळी घरी येणार आणि भिंतीवर पितळी पाटी लागणार: ‘चित्रकार अज्ञात’.

“अज्ञात कसला?” भिंत घासणाऱ्या तीन पोरांतली कॅडेन्स धुसफुसली. “मिस्टर लेम नेहमी सांगतात, ओझेल टिब्सने काढलंय! खाली कोपऱ्यात सहीसुद्धा आहे म्हणे.”

“कोपऱ्यात तर झुडूप रंगवलंय,” मालाकाय म्हणाला.

समोरच्या घराच्या पायऱ्यांवर म्हातारे मिस्टर लेम बसले होते. सोमवारी ते भाचीकडे जॉर्जियाला जाणार होते, कायमचे. चर्चमध्ये ते कधीच पाऊल टाकत नसत.

“ए, सगळी भिंत विटली, मग झुडूपच कसं हिरवंगार?” ट्रेने विचारलं.

“डोकं आहे का? डीकन दर उन्हाळ्यात रंगवतात की!” मालाकाय म्हणाला आणि स्वतःच चपापला. “पण फक्त झुडूपच का?”

कॅडेन्सने झुडपावर ओला बोळा दाबून धरला. खालचा रंग तेलाचा होता, वरचा स्वस्तातला, पाण्याचा. नखाने ओढताच भला मोठा पोपडा सुटला! खाली दोन पुरुषांचे एकमेकांत गुंफलेले हात. मग दोन हसरे चेहरे. त्यातले एक तरणेबांड मिस्टर लेम! पायाशी सही: ओझेल टिब्स.

“थांबा!” हातात झारा घेऊन डीकन धावले.

“सगळ्यांनी इकडे या! लवकर!” कॅडेन्स त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. अख्खं अंगण भिंतीपाशी लोटलं.

“अगंबाई, ओझेल!” मासे तळणाऱ्या म्हाताऱ्या मिस ओडेसा म्हणाल्या. “मोर्चातले सगळे फलक यानेच तर रंगवले. हॉलिस प्रूइट, तेव्हा तुझ्या हातात होता तोसुद्धा!”

“मग यांना झाकलं का?” कॅडेन्सने विचारलं.

“त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं गं,” मिस ओडेसा पुटपुटल्या. “एका घरात संसार होता त्यांचा.” चर्चला चित्र हवं होतं, चित्रकार नको होता!

“शाब्बास पोरांनो! चर्चचं नाव काढलंत!” पाद्रीबाबांनी टाळ्या वाजवल्या. “पाटीवर ओझेलचं नाव घालू. लेम, रविवारी तुम्हीच पडदा दूर करा!”

मिस्टर लेम रस्ता ओलांडून आले होते. त्यांनी ओझेलच्या गालावरून बोट फिरवलं.

“त्याला पुरलं तेव्हा यातलं एकसुद्धा माणूस आलं नव्हतं,” ते म्हणाले. “रविवारी मला सामान बांधायचंय.” मग ते डीकनकडे वळले. “हॉलिस, दर वर्षी रंग दिलास, म्हणून आम्हाला ऊन लागलं नाही बघ.”

डीकनची मान वर होईना. मोठी माणसं पाठ थोपटत होती, पण कॅडेन्सला ती शाबासकी नकोशी झाली. मिस्टर लेमांचा हात धरून ती त्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिथून अख्खी भिंत दिसत होती. सगळा मोर्चा विटला होता, ते दोघे तेवढे कोरे करकरीत होते.