कोरा बुधवार

कार्यालयात त्याला सगळे दशांशराव म्हणत. चौथ्या दशांशस्थळावर चूक राहिली तर याला जेवण गोड लागत नाही अशी त्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. मध्यवर्ती बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, दप्तराच्या खोलीत, दोन वर्षं तो एकच काम करत होता. आपलं चलन आणि शेजारच्या देशाचं चलन यांच्यातला चाळीस वर्षांचा रोजचा विनिमय दर जुन्या रजिस्टरांशी ताडून संगणकात उतरवायचा. दोन्ही चलनं बेताच्या घरची, जावा-जावांसारखी. एकीचं अवमूल्यन झालं की दुसरी महिनाभर तोऱ्यात मिरवायची आणि मग स्वतःही तोंडावर आपटायची. स्वस्थ बसणं दोघींना ठाऊक नव्हतं.

काम संपलं की घरच्या गावी बदली, असा विभागप्रमुख बाईंचा शब्द होता. घरी बायको होती आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचा पुढचा दात हलायला लागला होता. "बाबा, तू आल्यावरच पाडायचा. मी जीभसुद्धा लावत नाही," असं तिने फोनवर बजावलं होतं. त्या दातापायी तो जेवणाच्या सुट्टीतही रजिस्टरं चाळायचा.

खोलीत दोन टेबलं होती. दुसऱ्यावर कुणी बसत नसे, तरी म्हातारे शिपाईमामा रोज अकराला दोन कप चहा आणत. एक त्याच्यापुढे, एक त्या रिकाम्या टेबलावर. नवा असताना त्याने विचारलं होतं, "तो कुणाचा?"

"आधीपासून ठेवतोय," मामा म्हणाले होते. "मला ज्यांनी काम शिकवलं, तेही ठेवायचे."

कचेरीत एकदा पडलेली चाल ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही. त्याने विषय सोडून दिला.

शेवटच्या रजिस्टरात एका बुधवारचा रकाना कोरा निघाला. मंगळवारचा दर होता, गुरुवारचाही होता. सुट्टी नव्हती, दोन्हीकडचे बाजार उघडे होते. समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : भरू नये.

तो रजिस्टर घेऊन बाईंकडे गेला.

"सुट्टीचे दिवस कसे भरलेत?" बाईंनी विचारलं.

"आदल्या दिवशीचा दर पुढे ओढून. नियमच आहे तो."

"मग हाही तसाच भरा. एका रकान्यासाठी बदली अडवून धरणार आहात का?"

त्याने मंगळवारचाच आकडा संगणकात घातला, रजिस्टरातही शाईने लिहिला. बाई खुश झाल्या. टेबलावरून घरंगळलेलं पेनाचं टोपण पकडत म्हणाल्या, "उद्या बदलीचा कागद देते."

दुसऱ्या दिवशी दहाला बाजाराचा दर आला. कालचाच, चौथ्या दशांशापर्यंत. असा योगायोग चाळीस वर्षांत क्वचितच झाला होता, म्हणून त्याला गंमत वाटली. बाईंनी घरंगळलेलं टोपण पकडलं आणि म्हणाल्या, "उद्या बदलीचा कागद देते." संध्याकाळी मुलगी म्हणाली, "एका धाग्यावर लोंबतोय बाबा. उद्या पडेल."

तिसऱ्या दिवशी तोच दर. चौथ्या दिवशीही तोच.

तारखा पुढे जात होत्या, सोमवार येऊन गेला, महिना पालटला. हललं मात्र काहीच नाही. त्याने नखं कापली होती, ती वाढेनात. "बाई, तुम्ही कालही हेच म्हणालात," असं त्याने एकदा धीर करून सांगितलं. "हो का?" म्हणत बाईंनी टोपण पकडलं. तो स्टेशनवर गेला, तर तिकीटखिडकीतला माणूस म्हणाला, "आजची गाडी भरली. उद्याचं देतो." सलग पाच दिवस तो तेच म्हणाला. अठराव्या दिवशी मुलीने फोनवर "उद्या पडेल" म्हटलं तेव्हा त्याला समासातले ते पेन्सिलीचे दोन शब्द आठवले.

एकोणिसाव्या दिवशी तो सकाळी साडेनऊलाच येऊन बसला. संगणकातला आकडा त्याने पुसून टाकला. मग रजिस्टर उघडून ब्लेडने शाई खरवडू लागला. दोन वर्षं त्या पानांना त्याने थुंकीचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. कागद झिजत गेला, आकडा गेला.

दहा वाजले. दर आला. शेवटचे दोन आकडे बदललेले होते.

त्याला रडू आलं. तसंच डोळे पुसत त्याने घरी फोन लावला.

"कोण?" मुलीचा आवाज.

"अगं, बाबा बोलतोय. दात कसा आहे?"

"पडला की. बाबानेच पाडला, काल आल्यावर."

"कोणी?"

"बाबाने. आत झोपलाय. उठवू?"

आतून खोकला ऐकू आला. आधी कोरडा, मग दोनदा घसा खाकरून. तसा तोच खोकत असे.

फोन बंद झाला.

दार उघडून बाई आत आल्या. मागे एक नवी कारकून होती.

"हे तुमचं टेबल. दशांशराव कालच घरी गेले, चोख माणूस. एक बुधवार तेवढा कोरा आहे, तो राहू द्या."

"बाई," तो म्हणाला. "बाई, मी इथे आहे."

बाईंनी खिडकी उघडली आणि निघून गेल्या.

नवी कारकून त्याच्याच खुर्चीकडे आली, तसा तो उठला. दाराची कडी त्याच्या हाताने हलेना. तो हाका मारत राहिला, ती पेन्सिलींना टोक करत राहिली. पाय थकले तेव्हा तो दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसला. कधी कुणी न बसलेली ती खुर्ची गरम होती.

अकराला मामा आले. एक कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला. मग दुसऱ्या टेबलावर शेजारी शेजारी दोन ठेवले.

"हे दोन कुणाचे, मामा?" तिने विचारलं.

"आधीपासून ठेवतोय," मामा म्हणाले.