यादीतली रिकामी ओळ

"पूर्ण नाव सांगा," मी मान वर न करताच म्हणाले.

"सुनील धावजी आडे. भावसिंग तांडा, तालुका झरी जामणी."

मग मान वर केली... आणि तिथंच घोटाळा झाला. शर्टाचा एक खांदा चिंब, दुसरा कोरडा — पावसात एसटीच्या खिडकीशी बसून आला होता. असलं काही कशाला लक्षात राहावं?

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढचं वर्ष. लोहाऱ्याच्या आमच्या संस्थेतून गावोगाव कामगंध सापळे वाटले जात होते. ज्या गावांची नावं वाटपाच्या यादीत नाहीत, ती शोधायचा प्रोग्राम माझा. कॉम्प्युटर म्हणत होता — उरलेली गावं, शून्य.

"कोणीच राहिलं नाही," मी सांगितलं.

"आमचा अख्खा तांडा राह्यला जी. मंग मी कोण हावो?"

"तपासून बघते, मंगळवारी या," मी म्हणाले.

तो मंगळवारी आला. त्याच्या पुढच्याही. खांदा तसाच ओला. कॉम्प्युटरचं उत्तरही तेच.

"ह्या सापळ्यात नेमकं होते काय?" त्यानं विचारलं. कापसाच्या घरातला मुलगा, त्याला ठाऊक नसेल?

"मादीचा वास ठेवतात. नर पतंग येतो, अडकतो."

"अन् मादी?"

"नसतेच आत."

"बिचारा," तो म्हणाला. "इतक्या दुरून एसटीनं येत असन..."

हसू दाबायला मी उगाच कीबोर्ड बडवला.

गुरुवारी चूक सापडली. वाटपाच्या यादीत दोन नावांच्या मधे एक ओळ रिकामी होती. तिथं कोणतंही गाव असू शकतं, म्हणून कॉम्प्युटर एकाही गावाबद्दल 'हे यादीत नाही' असं ठामपणे सांगत नव्हता. ओळ पुसली की झालं.

पण पुसली की सुनील यायचा बंद. बोट बटणावर, मन भलतीकडे... एका भिजलेल्या खांद्यापायी अख्ख्या तांड्याचा कापूस अळीला द्यायचा? मला माझाच राग आला. ओळ पुसली. एकोणचाळीस गावं समोर आली, भावसिंग तांडा सातवा. त्याला फोन करून कारणासकट सगळं सांगितलं. वर "आता मंगळवारी यायची गरज नाही," असंही म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. त्या दिवशी ऑफिसातल्या विमलताईंच्या चहात मी साखर दोनदा घातली.

मंगळवारी अकराला तो दारात उभा.

"सापळे भेटले नाही काय?" माझी ऑफिसची भाषा कुठल्या कुठे पळाली.

"भेटले. शनिवारी गाडी आलती. लावून बी झाले."

"मंग कायले आले?"

"एक इचारायचं होतं." तो समोरच्या खुर्चीत बसून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "रिकामी ओळ असली का कोणाचंच नक्की सांगता येत नाही म्हणे. तुमच्या मनात... तशी ओळ हाये काय?"

"नाही. तिथं नाव भरलं हाये."

त्याचा चेहरा उतरला. तो खरंच उठायला लागला.

"बसा ना," मी म्हणाले. "तीन हप्ते झाले भरून. आडे आडनाव हाये त्याचं."

तो बसला. मग खिशातून पेन काढून, थेट माझ्याच कंटाळलेल्या सुरात म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

"कोणाचं?"

"तुमचं. माह्या फोनात नुसतं 'सापळेवाल्या मॅडम' हाये."

"दीपा देवराव भगत."

त्यानं ते तळहातावर लिहिलं. "आता पुढं?"

"मंगळवारी..." 'या' ओठांवर आला होता, तो मी गिळला. "मंगळवारी ये."