थडग्यावर न कोरलेला शब्द

सामोआतल्या त्या गावात संध्याकाळचा शंख वाजला, तशी तौसीली हात पुसून प्रार्थनेला बसली. शेजारी नणंद, फापिसा. समोर अंगणात तौसीलीच्या नवऱ्याचं, पेनीचं थडगं. सिमेंटचा ओलसर वास अजून गेला नव्हता.

प्रार्थना संपते ती 'फाआवावाउ' या शब्दावर. म्हणजे अनंतकाळ. पाद्रीबुवा तो डोळे मिटून म्हणत. घरात मात्र पेनीनं तो वापरून वापरून पार झिजवला होता. लकवा झाल्यापासून तो अंथरुणावरच. चहाला जरा उशीर झाला की म्हणायचा, "आणतेस, की फाआवावाउ लावणार?" त्याची कूस बदलायची, अंघोळ घालायची, आणि वर्षानुवर्षं हेच ऐकायचं. गवंड्यानं विचारलं होतं, "'फाआवावाउ सोबत' असं कोरू ना?" तौसीली म्हणाली होती, "नुसतं नाव कोर."

आजही तिची जीभ त्या शब्दाशी येऊन थांबली. पुढचं म्हणवेना.

मग तो शब्द कुणीतरी म्हणालं. सावकाश, जड जिभेनं.

"आमेन," म्हणून फापिसानं डोळे उघडले. "वहिनी, घसा बसलाय का तुझा?"

"मी नाही म्हटलं ते."

"मी पण नाही..."

दोघी अंगणाकडे बघत राहिल्या. वाऱ्यावर खोबरेल तेलाचा वास आला. पेनीच्या अंगाला चोळायची तेच.

"मी उद्या लेकीकडे जाते," तौसीली हळूच म्हणाली.

"कायमची?"

"त्या 'कायम'चाच कंटाळा आलाय गं मला."

सकाळी थडग्यापाशी उभं राहून तिनं सांगितलं, "चालले मी." आणि बंदराच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली. गर्दी वाढली तशी माणसं नेहमीप्रमाणे एकमेकांच्या मांडीवर बसू लागली. तौसीलीच्या पायांना मुंग्या आल्या. दमलोय आपण, तिला वाटलं. समोर परगावची एक तरुण बाई टोपली सांभाळत उभी होती.

"ये गं, बस माझ्या मांडीवर."

बाई ओशाळं हसली. "राहू दे मावशी. बाबा उतरले की बसते."

"कोण बाबा...?"

बाईनं नुसती हनुवटी तिच्या मांडीकडे केली.

तौसीलीनं खाली पाहिलं. कुणी नव्हतं. नेसूचं कापड मात्र दोन्ही मांड्यांवर घट्ट दबलेलं होतं. तेवढ्यात वळणावर बस कलली, आणि सवयीनं तिचा हात सावरायला पुढे झाला.

तळव्याला पाठीचे मणके लागले.